येते, ओमा



मागच्या वर्षी जुलैमध्ये मी पंधरा दिवस जर्मनीला जाऊन आले, हे तुम्हाला माहीत आहे. आल्या आल्या विमानातलं जैन जेवण आणि प्रवासात टिकणाऱ्या दशम्या यांवर लिहिलंही होतं. पण ज्या कामासाठी गेले होते ते लिहायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, मीच टाळलं. परवा बस्तीत एकीने विचारलं, "नातू सहा महिने बाहेरच्या विद्यापीठात चाललाय, बरोबर काय काय देऊ?" मी सराईतपणे यादी सांगितली. मेतकूट, भाजणी, मूगडाळ, हिंग, छोटा कुकर. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. म्हणून आज बसलेच लिहायला.

माझी नात, लेकीची मुलगी, पुण्यात शिकते. एक्स्चेंजवर तिला ट्यूबिंगेनला दोन सत्रं मिळाली. २०२३ च्या सप्टेंबरअखेर गेली आणि २०२४ च्या जुलैअखेर परत यायची होती. जावई तेव्हा कंपनीच्या कामाने स्टुटगार्टला होते, म्हणून लेक आणि मी तिला आणायला गेलो. हे आले नाहीत. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, पण मला वाटतं दहा तास विमानात बसायचीच भीती.

ट्यूबिंगेन म्हणजे स्टुटगार्टच्या दक्षिणेला, रेल्वेने तासाभरावर, नेकार नदीकाठचं चढउताराचं गाव. विद्यापीठ १४७७ सालचं. गावात जिथं बघावं तिथं विद्यार्थीच. नातीने मला एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. हेल्मुथ फॉन ग्लासेनाप, ज्यांनी १९२५ साली जैन धर्मावर जर्मनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला, ते दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, याच विद्यापीठात प्राध्यापक होते आणि १९६३ साली याच गावात वारले. "म्हणजे आज्जी, मी काही अगदीच परक्या गावात राहत नाही," ती म्हणाली. मला आपली ती घाटी चढताना धाप लागली होती, मी मान डोलावली.

ती राहायची एका एकट्या बाईंच्या घरी, वरच्या खोलीत. बाईंचं वय एकोणऐंशी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा दूर उत्तरेला. नात त्यांना 'ओमा' म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. आपल्यासारखंच त्यांच्यातही 'तू' आणि 'तुम्ही' आहे. पण तिकडे 'आता मला तू म्हण' असं मोठ्या माणसाने रीतसर सांगावं लागतं, आपण होऊन म्हणायचं नसतं. ओमांनी ते दुसऱ्याच महिन्यात सांगितलं. बदल्यात नातीने त्यांना एक मराठी शब्द शिकवला. आपल्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, आणि घरातल्याने 'ये' म्हणायचं असतं. मग रोज सकाळी ही जिन्यावरून ओरडायची, "येते, ओमा!" आणि त्या स्वयंपाकघरातून, "ये!" मी फोनवर एकदोनदा ऐकलं होतं. मला गंमत वाटायची. थोडा मत्सरही वाटायचा, आता लिहितेच आहे तर तेही लिहिते.

शेवटचे चार दिवस आम्ही दोघींनी आपल्या घरीच राहावं, असा ओमांचा आग्रह. मी बिचकत होते. परक्या घरचं स्वयंपाकघर, तिथली भांडी. पण त्यांनी एक पातेलं, एक तवा आणि दोन लाकडी पळ्या वेगळ्या काढून वर्षभर एका फळीवर ठेवल्या होत्या, फक्त नातीसाठी. आणि फ्रिजच्या दारावर स्थानिक वर्तमानपत्रातली कात्रणं. मी विचारलं, हे काय? तर रोजची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ! ऑक्टोबरमध्ये नातीने सूर्यास्तानंतर न जेवण्याचं सांगितलं, तेव्हापासून त्या ती कापून लावायच्या. मी गेले तेव्हा सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळत होता, त्यामुळे मला काही अडचण नव्हती. डिसेंबरातल्या कात्रणावर मात्र साडेचार होतं. आपल्या सांगलीत अगदी थंडीतसुद्धा सहा वाजतात. साडेचारला तर आपला दुपारचा चहा असतो! ते कात्रण मी वाचलं आणि पुढे गेले. तिथं थांबायला हवं होतं.

जुलैचा तो आठवडा म्हणजे गावभर निरोपच निरोप. दगडी रस्त्यावर चाकांच्या बॅगांचा खडखडाट. घरोघरी दारात पुठ्ठ्याचे खोके, त्यात तवे, कप, उशा, दिवे, आणि वर 'फुकट न्या' अशी चिठ्ठी. येणारी मुलं तिथूनच संसार थाटतात आणि जाणारी तिथेच सोडून जातात. मला ही पद्धत फार आवडली. नात महापालिकेच्या कचेरीत जाऊन गाव सोडल्याची नोंद करून आली. त्यालाही रीतसर कागद मिळतो. ही व्यक्ती आता इथे राहत नाही, एवढंच त्यावर. बँकेचं खातं, विमा, ग्रंथालयाची पुस्तकं, सगळं एकेक करून मिटवायचं. रिकाम्या बाटल्यासुद्धा दुकानातल्या यंत्रात टाकून बाटलीमागे पंचवीस सेंट परत घ्यायचे.

तिच्या मैत्रिणींना मी नदीवर भेटले. लांबच लांब होड्या, मागे उभा राहून एकजण बांबूसारख्या काठीने ढकलतो. एक ब्राझीलची, एक कोरियाची, दोघी स्पेनच्या. काठावर चिनाराच्या जातीच्या जुन्या झाडांची रांग, पाणी संथ, आणि या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतायत. मी लेकीला म्हटलं, आमच्या वेळी सासरी जाताना असं रडायचो. पण नंतर विचार केला, तसं नाहीये. आपण सासरी गेलो तरी माहेर जागेवर असायचं. दिवाळीला गेलं की तीच ओसरी, तीच माणसं. या मुलींचं तसं नाही. सगळ्या एकाच आठवड्यात पाच दिशांना पांगणार. पुढे कधी यातली एखादी परत या गावात आली, तरी तिला बाकीच्या कुणी भेटणार नाहीत. जागेवर राहणार त्या फक्त ओमा. आणि त्यांचं वय एकोणऐंशी. पोरींच्या हे लक्षात नव्हतं. व्हिडिओ कॉल करू, पुढच्या वर्षी भेटू, असं चाललं होतं. ओमांच्या लक्षात होतं.

आता मूळ गोष्ट.

बुधवारी संध्याकाळी ओमांनी हिशेबाची वही आणली. भाड्याची अनामत परत द्यायची होती आणि वर्षभराचं वाणसामान दोघींनी निम्मं-निम्मं केलं होतं, त्याचा मेळ घालायचा होता. मैत्रिणींनो, मला जर्मनचा एक शब्द कळत नाही, पण मी बी.कॉम. आहे आणि लग्न झाल्यापासून घरचा जमाखर्च मीच लिहिते. वही उघडली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. दोन रकाने, तारखा, सेंटपर्यंत बेरीज, खाडाखोड कुठे नाही. एक कप फुटला होता त्याचे साडेतीन युरोसुद्धा नातीच्या नावावर! मला राग नाही आला, उलट आदरच वाटला. मी बोट ठेवत ठेवत बेरजा तपासू लागले. ओमांनी हसून दुसरा चष्मा पुढे केला.

आणि मग माझं बोट थांबलं. 'कार्टोफेल्न'. हा शब्द मला त्याच सकाळी कळला होता. गावच्या चौकात बाजार भरतो, तिथे बटाट्याच्या ढिगावर पाटी होती आणि लेकीने वाचून दाखवली होती. तो शब्द ओमांच्या रकान्यात पहिल्या पानापासून होताच, त्याचं काही नाही. पण वीस डिसेंबरपासून नातीच्या रकान्यातही होता. मग दर आठवड्याला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जूनपर्यंत.

जाण्याआधी तिला माताजींकडे नेऊन वर्षभर कंदमूळ न खाण्याचा नियम दिला होता. तिने घेतला म्हणण्यापेक्षा मी घ्यायला लावला. आणि दहा महिने रोज फोनवर माझा पहिला प्रश्न एकच असायचा, "काय जेवलीस?" रोज उत्तर यायचं, "डाळ-भात आज्जी, कोबीची भाजी आज्जी." मी खूश. बस्तीत चारचौघींत सांगायचेसुद्धा, आमची पोर परदेशात राहूनही नियम पाळते.

मी वही मिटली आणि बेरीज बरोबर आहे म्हणून मान हलवली. ती रात्र आणि पुढचा सबंध दिवस कुणाशी धड बोलले नाही. जप करायला बसले तर मणी पुढे सरकेना. बटाटा खाल्ल्याचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही, होतं. पण खोटं बोलली हे जास्त लागलं. गुरुवारी रात्री लेकीजवळ विषय काढला, तर ती गप्प. म्हणजे तिला माहीत होतं! माहीत नव्हतं ते फक्त मला.

शुक्रवारी ओमांनी निरोपाचं जेवण केलं. मसुरीसारख्या डाळीचं कालवण, काकडीची कोशिंबीर, पाव. त्या भागात या डाळीबरोबर अंड्याच्या शेवया खातात, त्या त्यांनी केल्याच नाहीत. जेवताना गप्पा चालल्या होत्या, नात दोन्हीकडून भाषांतर करत होती. ओमांनी तिथल्या एका पदार्थाची गोष्ट सांगितली. करंजीसारखं पिठाचं पाकीट, आत सारण. म्हणे, त्यांच्या उपवासाच्या दिवसांत मठातल्या साधूंनी मांस पिठाच्या आत लपवलं, देवाला दिसू नये म्हणून. लोक त्या पदार्थाला 'देवाला फसवणारं' अशा नावानेच ओळखतात. ओमा हसत होत्या. नातीने अर्धं भाषांतर केलं आणि तिचा आवाज गेला. उठून वर निघून गेली.

मी मागोमाग गेले. खोली रिकामी झालेली, दोन बॅगा दारात. ती गादीवर बसली होती. म्हणाली, "तू वही बघितलीस ना? बुधवारपासून मला माहीत आहे."

मी काही बोलले नाही.

"डिसेंबरात मला ताप होता आज्जी. आठ दिवस. सगळ्या मैत्रिणी नाताळला घरी गेलेल्या. साडेचारला अंधार. ओमा जिना चढून वर आली, तिला जिना चढवत नाही तरी. सूप घेऊन. बटाट्याचं आहे हे तिलाही माहीत होतं, मलाही. ती म्हणाली, डाळ खातेस का, तर डाळ करून आणते. मीच म्हटलं, नको, हेच दे. मला गरम काहीतरी हवं होतं. छान लागलं. मग नंतर बरी झाले तरी खात राहिले. ते तापाच्या नावावर नाही घालत मी."

"आठ दिवस ताप, आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? तू विचारायचीस काय जेवलीस. ताप सांगितला असता तर पुढचा प्रश्न तोच आला असता."

मैत्रिणींनो, मी माझा बचाव शोधला. सापडला नाही. ते दिवस मला आठवत होते. ती फोन लवकर ठेवायची आणि मला वाटायचं, अभ्यास आहे. आवाज बसलेला होता तेव्हा मी विचारलं होतं, "थंड पाणी पितेस का?" आणि लगेच, "संध्याकाळी किती वाजता जेवलीस?" सहापर्यंत तिचे वर्ग असायचे. सूर्य साडेचारला बुडायचा. हा हिशेब मला आकड्यांच्या सवयीने एका क्षणात जमायला हवा होता. दहा महिन्यांत मी तो एकदाही मांडला नव्हता.

दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी आपण बस्तीबाहेर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हात जोडतो. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. हात सहज जोडले जातात, कारण काय चुकलं ते नेमकं कुणालाच सांगायचं नसतं. त्या खोलीत नेमकं सांगायची वेळ होती. मी तिला एवढंच म्हटलं, "ताप आला तेव्हा तू मला सांगू शकली नाहीस, ही माझी चूक. बटाट्याचं तू आणि माताजी बघा." ती रडता रडता हसली. म्हणाली, "माताजी प्रायश्चित्त देतील ना गं?" म्हटलं, "देतील. रस सोडायला लावतील काही दिवस. साखर असेल तर तुला जड जाईल." (घरी आल्यावर ती खरंच गेली माताजींकडे. काय दिलं ते मी विचारलं नाही. हेही माझं एक प्रायश्चित्तच समजा!)

खाली आलो तर ओमा तशाच टेबलाशी बसून होत्या. त्यांना वाटलं आपल्या विनोदाने काही बिघडलं. नातीने त्यांना सगळं सांगितलं असावं, बराच वेळ बोलली. मग त्यांनी माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाल्या. नात म्हणाली, "ती विचारतेय, तिने तुमच्या धर्माविरुद्ध काही केलं का?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. मी वही मागवली. वीस डिसेंबरचं पान काढलं. बटाटे दोन्ही रकान्यांत होते, निम्मे-निम्मे. फुटक्या कपाचे पैसे लावणारी ही बाई, पण त्या आठ दिवसांतलं औषध, मध, लिंबं, यातलं काही नातीच्या रकान्यात नव्हतं. कुठल्याच रकान्यात नव्हतं. मी त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांना कळलं. खांदे उडवून त्या उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. मी पुसायला उभी राहिले.

पुसता पुसता नातीला मध्ये घालून विचारलं, सुपात काय काय घातलं होतं? बटाटा, गाजर, एक सेलरीचा कंद, आणि कांद्याच्या जातीची लांब पात. म्हणजे एकही जिन्नस आपल्यात बसणारा नाही! मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं. मी करणार नाही, माझा नियम आहे आणि तो राहील. पण लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी निघालो. छोटा कुकर ओमांकडेच ठेवला. शिट्टीला त्या घाबरतात, पण नको म्हणाल्या नाहीत. स्टेशनला न्यायला टॅक्सी आली. त्या भागातली जुनी माणसं निरोप घेताना 'आडे' म्हणतात, ओमा मला तसंच म्हणाल्या, हात हातात घेऊन. मी 'जय जिनेंद्र' म्हटलं. लेकीला त्यांनी पावाचं पुडकं दिलं. नात सगळ्यात शेवटी बाहेर आली. दाराच्या पायरीवर वळून म्हणाली, "येते, ओमा."

ओमांनी काही क्षण उत्तर दिलं नाही. मला वाटलं शब्द आठवत नसेल. मग म्हणाल्या, "ये."

टॅक्सी उतारावर लागली. नात मागच्या काचेतून बघत होती. मीही वळून पाहिलं. ओमा फाटकाशी उभ्या होत्या, दोन्ही हात मोकळे. मागे भिंतीला लांब दांड्याचा झाडू टेकवलेला.

त्या मुलुखात घरासमोरचा रस्ता ज्याने-त्याने झाडायचा असतो. ठरलेला दिवस असतो, न झाडलं तर शेजारी बोलतात. ओमांचा दिवस शनिवार. नात म्हणाली, दहा महिन्यांत त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही, बर्फ पडलेला असतानासुद्धा आठ वाजता खरवडत असायच्या. आता साडेनऊ झाले होते. समोरच्या घराचा फरसबंद रस्ता स्वच्छ दिसत होता आणि ओमांच्या दारात झाडाची पानं तशीच.

"आज्जी," नात म्हणाली, "मी तिला एकदा सांगितलं होतं. घरातून माणूस निघालं की आपण लगेच केर काढत नाही."